काल्हेरच्या गाळ्यात आभाळ

आमच्या गाळ्यात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी साचतातच. शेजारच्या लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कापूस आणि किस्से! कापूस निदान व्हॅक्युम क्लीनरने निघतो. किस्से मात्र दर चहाला वाढतात, आणि सांगणारा बदलला की त्यांना नवीन शेपूट फुटतं. मी इथली इलेक्ट्रॉनिक्सवाली जाधव. जन्म निजामपुऱ्यातला, म्हणजे अस्सल भिवंडीची. तेव्हा माझंच व्हर्जन खरं धरा.

आमची संस्था फिजिक्सची, राष्ट्रीय वगैरे. आभाळातून येणारे कण पकडायला दारापेक्षाही मोठे काचेचे चेंबर बनवायचे ठरले, तेव्हा कॅम्पसवर जागाच उरली नव्हती. मग भिवंडीजवळ काल्हेरला गाळा भाड्याने घेतला. एका बाजूला ऑनलाइन मालाचं गोदाम, दुसऱ्या बाजूला इस्माईलचाचांचा लूमचा कारखाना. कमिटी येऊन चेंबर तपासणार. पास झाले तर मोठ्या प्रयोगात जाणार. नापास झाले तर गाळा बंद, आम्ही सगळे पांगणार, आणि आमच्या मृण्मयीची पीएचडी पुन्हा पहिल्यापासून. पोरगी नागपूरहून आलेली. चेंबरवर तिचा इतका जीव की पुसताना त्यांच्याशी बोलते.

* * *

गाळा बघायला गेलो तो दिवस. शटर वर गेलं आणि आतली कबुतरं आमच्या डोक्यावरून फडफडत बाहेर! ऑफिसकडून आलेले साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "सर, राष्ट्रीय संस्था आणि हे?"

आमचे प्रमुख नाडकर्णी सर शांतपणे म्हणाले, "अहो, आपली संस्था सुरू झाली ती उसन्या खोलीत. टेबल एक आणि शास्त्रज्ञ तीन. एक जण लिहायला बसला की बाकीचे दोघं उभ्याने विचार करायचे. आपलं सगळ्यात चांगलं काम तेव्हाचं आहे!"

मग त्यांनी गाळाभर नजर फिरवली आणि जरा काळजीत पडले.

"इथे तर सगळ्यांना बसायला जागा आहे. आता संशोधनाचं काय होणार?"

* * *

काचा आल्या टेम्पोने. अंजूरफाट्यापासूनचा रस्ता म्हणजे मधूनमधून रस्ता असलेले खड्डे. सर पुढे बसायला तयार होईनात. मागे काचांना मिठी मारून बसले आणि दर खड्ड्याला "आहिस्ता! आहिस्ता!" असं ओरडत राहिले.

शेवटी ड्रायव्हर वैतागला. "साहब, शादी के बाद बीवी को लाया था, तब भी इतना धीरे नहीं चलाया!"

सर मागून ओरडले, "बीवी टूटती नहीं है, भाई!"

"आप उससे मिले नहीं हैं, साहब. वो तोडती है!"

* * *

गेटवर पाटीलमामा. माणूस इथल्याच गावचा. नोंद केल्याशिवाय पाखरू आत सोडणार नाही. एकदा चष्मा घरी राहिला म्हणून सरांना परत जावं लागलं, तर आल्यावर मामांनी त्यांनाही पुन्हा नाव-गाव विचारलं!

सरांनी एका दुपारी त्यांना बसवून सगळं समजावलं. "मामा, वरून कण येतात. पत्रा, भिंत, माणूस, सगळ्यांतून आरपार जातात. तुमच्या तळहातातूनच सेकंदाला साधारण एक जातो. दिसत नाही, थांबत नाही, कुणाला विचारत नाही."

मामांनी तळहात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. चेहरा एकदम पडला.

"मंग मी गेटवर कशाला बसलोय?"

* * *

त्या रात्री मामा जेवले नाहीत म्हणतात. पण पुढे त्यांना या कणांचा अभिमान वाटायला लागला.

शेजारचं गोदाम समजून लोक आमच्याकडे पार्सल परत करायला यायचे. एक बाई आल्या त्या थेट कुकर घेऊन. शिट्टी होत नाही म्हणे. मामा समजावतायत, बाई ऐकत नाहीत.

"एवढं मोठं गोदाम आणि माल परत घेत नाही म्हणजे काय?"

मामा ताठ उभे राहिले. "बाय, हितला माल वरून येतो आन् जमिनीत जातो. परत कोनाचाच येत न्हाय!"

बाईंनी एकदा मामांकडे बघितलं, एकदा वर बघितलं, कुकर छातीशी धरला आणि निघून गेल्या.

* * *

आता आमची फजिती. चेंबरमधून येणाऱ्या सिग्नलमध्ये खोटे कण दिसायला लागले. खऱ्या कणांपेक्षा जास्त! मृण्मयीने चिकाटीने आलेख काढले आणि एक दिवस धावत आली. दर सातव्या दिवशी खोटे कण गायब!

सगळा गाळा उत्साहाने पेटला. सातच दिवस का? सर फळ्यावर सूर्य काढून बसले. मी, जी लूमच्या खडखडाटात जन्मले, तीसुद्धा त्या सूर्याला बाण काढत होते! चंद्राचंही नाव निघालं. "पेपर होतोय, पेपर होतोय!" म्हणत सरांनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं.

तेवढ्यात मृण्मयीच्या आईचा नागपूरहून फोन आला. दोन वाक्यं झाली आणि मृण्मयीने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. फोन स्पीकरवर टाकून म्हणाली, "आई, पुन्हा म्हण."

"अगं, म्हटलं आज तुझा आवाज किती छान येतोय. एरवी मागे नुसतं खडखड खडखड असतं!"

वार शुक्रवार. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. लूमच्या मोटारींचा विजेतला गोंधळ वायरीतून आमच्या चेंबरमध्ये शिरत होता आणि आम्ही तो सूर्यावर ढकलत होतो!

सरांनी फळा पुसला. "आइस्क्रीम खाऊन घ्या," म्हणाले, "ते तरी खरं आहे."

* * *

चाचांच्या कानावर हे गेलं आणि ते धावतच आले. "बाय, माझ्या लूममुळं आसमानाला डिस्टर्ब होतंय?" डोळ्यांत खरंच पाणी! मी म्हटलं, चाचा, आसमानाला काही होत नाही, आमच्या वायरिंगला होतं, आणि ते आम्ही नीट करणार. तरी संध्याकाळी माफीचं म्हणून डबाभर सांदणं आली.

आम्ही स्वतंत्र अर्थिंगसाठी खड्डा खणला, वायरी बदलल्या, फिल्टर बसवले. मृण्मयी हाताला घट्टे पडेपर्यंत राबली. आणि एका बुधवारी शेजारी सगळे लूम दणदणत असताना तिच्या स्क्रीनवरची खोट्या कणांची रेघ सरळ आली. मी तिला उचलून घेतलं. इतका आनंद मला माझ्या नोकरीच्या ऑर्डरचाही झाला नव्हता!

* * *

आणि मग कमिटी आली. निकाल आधीच सांगून टाकते. आम्ही पास झालो. चेंबर मोठ्या प्रयोगात गेले, मृण्मयी खूश आहे. पण किस्सा त्याच्या आधी घडला.

कमिटीच्या अध्यक्षा दिल्लीच्या, वयस्क आणि कडक. एकच अट घातली, "शेजारचे लूम चालू असताना रेघ दाखवा."

आम्ही ऐटीत शटर उघडलं. बाहेर शांतता! वार मंगळवार, आणि एक लूम हलत नाही. कमिटी येणार हे मामांनी चाचांना सांगितलं होतं, आणि आसमानाला डिस्टर्ब नको म्हणून चाचांनी कारखाना बंद ठेवला होता. आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. रोज खडखडणाऱ्याला खडखड म्हणून कोण सांगेल? मृण्मयीचा चेहरा पांढराफटक पडला.

आम्ही सगळे शेजारी गेलो. दारातच चाचा, इस्त्रीचा कुर्ता, अत्तर, खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलेले. मॅडमनी विचारलं, "आपके लूम आज बंद क्यों हैं?"

मी मॅडमच्या मागून हात गोल गोल फिरवला. चालू करा, चाचा, चालू करा! चाचांनी मला डोळ्याने दिलासा दिला. काळजी करू नकोस, बाय.

"लूम? कौन से लूम, मॅडम? हमारे यहाँ लूम हैं ही नहीं."

त्यांच्या पाठीमागे भिंतीपर्यंत लूमच्या दोन रांगा. त्यांवर अर्धवट विणलेलं कापड, आणि चाचांच्या टोपीवर कापूस. मॅडमनी चष्मा सारखा केला.

"तो फिर ये पीछे क्या है?"

चाचा वळले. सगळे लूम आयुष्यात पहिल्यांदाच दिसावेत तसे त्यांनी नीट न्याहाळले. मग वळून अदबीने म्हणाले,

"ये? ये तो फिजिक्स है!"