सुईचा तिसरा तुकडा

सुईमावशीला हे नाव कारखान्याने दिलं. लहान बाळांचे कपडे शिवायचा कारखाना, शंभर-सव्वाशे मशिनी, आणि तुटक्या सुयांचा डबा मावशीच्या ताब्यात. तिथला कायदा सरळ होता. सुई तुटली की मशीन बंद. सगळे तुकडे शोधायचे, कागदावर एकाला एक लावून चिकटपट्टीने डकवायचे, शेजारी नवी सुई धरून लांबी ताडून बघायची. जुळली तरच नवी सुई हातात. कणभर जरी कमी भरली, तरी त्या गठ्ठ्यातलं एक झबलंसुद्धा बाहेर जायचं नाही, कारण ते कुठल्या ना कुठल्या बाळाच्या अंगात जाणार. एकोणीस वर्षं मावशीने हा कायदा असा पाळला, की बायका म्हणायच्या, एकवेळ यमाला चकवता येईल, पण मावशीला नाही.

एकदा एका पोरीला टोक सापडेना. तिने घाबरून दुसऱ्याच सुईचं टोक मोडलं आणि कागदावर लावून आणलं. मावशीने लांबीवरून ओळखलं. पोरीची नोकरी गेली. "खरं सांगायला काय झालं होतं तिला? एवढी भीती कसली?" असं मावशी पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिली. ते कळायला तिला नात व्हावी लागली.

नात आठ महिन्यांची. गुटगुटीत, म्हणून सगळे तिला ढमी म्हणत. सून पुन्हा ऑफिसला जायला लागली तेव्हा मावशीने कारखाना सोडला आणि ढमीला सांभाळायला घेतलं. मुलगा कामानिमित्त परगावी असायचा, घरात या दोघी आणि ढमी. कारखान्यात वाघीण असलेली मावशी घरात मात्र ससा झाली. भोपळा उकडून कुस्करायची, गाळणीतून काढायची, मनगटावर थेंब टाकून बघायची, मग स्वतः चाखायची. तोवर तो गार होऊन जायचा, की परत कोमट करायचा. एक चमचा भरवला की ढमीच्या गळ्याकडे बघत दहा आकडे मोजायची. केळं घशात अडकेल, भात अडकेल, एक ना दोन. ढमी टॉवेलखाली लपून 'कुठे गेली, कुठे गेली' खेळताना खिदळायची आणि इकडे मावशीचा जीव खालीवर. टॉवेल तोंडावर राहिला तर?

शिवणात तर विचारूच नका. लाळेरी, चिंध्यांचा हत्ती, कापडी पानांचं पुस्तक, सगळं तिच्या हातचं, पण कुठे बटण नाही की मणी नाही. डोळेसुद्धा दोऱ्याने भरलेले. हत्ती एका डोळ्याने तिरळा झाला होता. तिरळा तर तिरळा, म्हणे, बटण तर गिळणार नाही कोणी.

सून तशी मोजकंच बोलायची. तिने एकच मागणं केलं होतं. "आई, ती जागी असताना मशीन नका लावू." मावशीला ते लागलं होतं. "मला शिकवतेस? एकोणीस वर्षं सुईवर काढलीत मी."

बुधवारी सकाळी साडेदहाला ढमी जागी होती आणि मावशीने मशीन लावलं.

चेंडूची चार बोटं शिवण तेवढी राहिली होती. सहा रंगांच्या पाकळ्यांचा चेंडू, ढमीला दोन्ही हातांनी धरता येईल असा. ढमी पलीकडे गोधडीवर वाटी आपटत बसलेली, आणि गॅसवर भोपळा. पाकळ्या जिथे एकत्र येतात तिथे कापडाचे आठ थर झाले होते. मावशीने ते बोटाने दाबून सुईखाली रेटले आणि कट्कन आवाज झाला. त्याच क्षणी स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. मावशी धावली, गॅस बंद केला, परत आली. मिनिटभर, फार तर दीड.

तेवढ्यात ढमी मशीनच्या पायाशी पोचली होती. तिला रांगता येऊ लागून चारच दिवस झाले होते. तिचं तोंड हलत होतं.

मावशीने ढमीला उचललं, तोंडात बोट घालून फिरवलं. हिरव्या दोऱ्याचा तुकडा निघाला. बाकी काही नाही. आणि मग तिला लाळेऱ्यावर रक्ताचा ठिपका दिसला. मोहरीएवढा, ताजा.

सवयीने ती शोधायला लागली. ढमीला पाळण्यात ठेवून तिने गोधडी झटकली, मशीनचं पोट उघडलं, लोहचुंबक घेऊन फरशीची फटन्‌फट पालथी घातली. चेंडू उसवून चिंधी न् चिंधी चाचपली. वरचा तुकडा मशीनमध्येच अडकलेला होता. मधला, तांदळाच्या दाण्याएवढा, खालच्या पत्र्याच्या खाचेत मिळाला. टोक कुठेच नव्हतं. दोन तुकडे कागदावर डकवून, शेजारी नवी सुई धरून ती बघत बसली. नखाच्या पांढऱ्या कडेपेक्षा थोडी जास्त, एवढी जागा रिकामी.

पाळण्यात ढमी हत्तीचा कान चोखत हसत होती. दुखत असतं तर रडली नसती का? तोंड नीट दिसत होतं, जखम नव्हती. मावशीच्या मनात आलं, सून येईल सहाला. तोवर बघू. पोटात गेलं असेल तर आपोआप बाहेर पडेल, कोणाला कळायचंही नाही. सांगितलं तर ही पोर परत आपल्या मांडीवर येणार नाही, आणि येऊ नये हेच बरोबर आहे. हा विचार चांगला पाच मिनिटं तिच्या डोक्यात ठाण मांडून होता. तेवढ्यात तिला ती कारखान्यातली पोर आठवली, दुसऱ्या सुईचं टोक मोडणारी, आणि मावशीला स्वतःची लाज वाटली.

तिने सुनेला फोन लावला.

"मी मशीन लावलं होतं," ती म्हणाली. "ढमी जागी होती. सुई तुटली, टोक सापडत नाही. तिच्या लाळेऱ्यावर रक्त आहे. मी दवाखान्यात निघालेय, तू तिकडेच ये."

सून म्हणाली, "तिला काही खायला देऊ नका," आणि फोन बंद झाला.

दवाखान्यात मावशीने डॉक्टरांपुढे कागद आणि नवी सुई ठेवली. "एवढं कमी आहे. एवढंच शोधायचंय." डॉक्टरांनी ढमीचा घसा पाहिला, पोट दाबलं आणि एक्स-रेचा फोटो काढायला सांगितलं. सून पोचली होती. ती मावशीकडे बघत नव्हती. फोटोच्या खोलीत ढमी आडवी राहीना, कोणीतरी खांदे घट्ट धरायला हवे होते. सुनेचे हात इतके कापत होते की जमेना. शेवटी मावशीनेच धरले. ढमी तिच्या तोंडाकडे बघत जिवाच्या आकांताने रडत होती आणि मावशी तिला दाबून ठेवत होती. एकोणीस वर्षांत एवढं अवघड काम तिने केलं नव्हतं.

पडद्यावर ढमीच्या बारीक बारीक बरगड्या उमटल्या. डॉक्टर गळ्यापासून खाली बघत गेले.

"पोट साफ आहे. छातीत, घशात काही नाही," ते म्हणाले. मग पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून थांबले. तिथे ढमीचा खांदा धरलेला हात उमटला होता. "हा हात कोणाचा?"

पहिल्या बोटाच्या पेरात एक पांढरी रेघ होती.

मावशीने डाव्या हाताचं ते बोट उजेडात धरलं. टोचून टोचून निबर झालेलं कातडं, त्यात एक काळसर टिंब. अशी कितीतरी टिंबं त्या बोटावर होती. लाळेऱ्यावरचं रक्त मावशीचंच होतं, ढमीला उचलताना लागलेलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," डॉक्टर म्हणाले. मावशी हसली नाही. तिला एकदम रडू फुटलं, आणि रडता रडताच ती म्हणाली, "अख्खं आहे का बघा. अर्धं आत आणि अर्धं तिच्यात, असं नको."

बोट बधिर करून टोक काढलं. मावशीने ते मागून घेतलं, कागदावर दोन तुकड्यांच्या पुढे लावलं, शेजारी नवी सुई धरली. दोनदा ताडून पाहिली. मग तो कागद सुनेपुढे केला. "बघ. तूच बघ."

सुनेने बघितलं आणि मान डोलावली.

बाहेर बाकावर दोघी बसल्या. ढमी आईच्या खांद्यावर हुंदके देत झोपली होती. मावशीच्या बोटाला पट्टी होती. "उद्यापासून दुसरी बाई बघ हिच्यासाठी," ती म्हणाली. "माझा आता माझ्यावरच भरवसा नाही."

सुनेने ढमीचं डोकं खांद्यावर नीट टेकवलं.

"आई, मला राग आलाय," ती म्हणाली. "आज दिवसभर राहील. पण तुमच्या जागी मी असते ना, तर फोन केला नसता. संध्याकाळपर्यंत वाट बघितली असती. तिकडून येताना सगळा वेळ मला तेच वाटत होतं."

मग ती उठली आणि झोपलेली ढमी तिने मावशीच्या मांडीवर ठेवली. "धरा जरा. ऑफिसात कळवते, आज परत येत नाही म्हणून. उद्या जाईन."