शून्यावर आलेली पाटी

श्रुतीच्या सर्व्हिसचा आवाज बदलला होता.

टेनिस शिकवणाऱ्या माणसाला ते न बघताही कळतं. मी पाठमोरी उभी राहून लहान मुलांकडून चेंडू गोळा करून घेत होते आणि पलीकडच्या कोर्टावर श्रुती हटवार सर्व्हिस मारत होती. एरवी तिच्या फटक्याचा आवाज कोरडा, नेमका येतो. त्या संध्याकाळी भद्द आवाज आला. वळून पाहिलं तर चेंडू आधी कधी गेला नव्हता एवढ्या वेगात समोरच्या कुंपणावर आदळला होता. कुंपणाबाहेर बाकावर बसलेले तिचे बाबा टाळ्या वाजवत होते. मी मात्र तिच्या कोपराकडे बघत होते.

मी मुळात भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत वाढले, काही वर्षं स्पर्धा खेळले आणि कोपर गेलं म्हणून सोडलं. माझा उजवा हात आजही पूर्ण सरळ होत नाही. उंच दोरीवर साडी वाळत घालायची तर डाव्या हातानं. त्यामुळे भिलाईतल्या आमच्या क्लबच्या दोन कोर्टांवर मुलांना शिकवताना माझं निम्मं लक्ष चेंडूवर असतं आणि निम्मं कोपरांवर.

थोडं सर्व्हिसबद्दल सांगते, म्हणजे भीती कशाची ते कळेल. लोकांना वाटतं, जोरदार सर्व्हिस म्हणजे दणकट हात. तसं नसतं. जोर पायातून निघतो, कमरेतून आणि खांद्यातून वर येतो. हातानं तो फक्त पुढे पोचवायचा. रॅकेट हातोडीसारखी धरायची. कारखान्यांच्या भिलाईत हे समजावायला कष्ट पडत नाहीत, हातोडी घरोघरी असते. मग कोपर वर ठेवून रॅकेट पाठीमागे खाली पडू द्यायची आणि तिची कड चेंडूकडे न्यायची, जणू कडेनंच मारायचं आहे. अगदी शेवटी कोपराखालचा हात आत वळतो आणि रॅकेटची जाळी चेंडूवर येते. मारून झाल्यावर तळहात बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो. याला प्रोनेशन म्हणतात. या सगळ्यात मनगट सैल हवं आणि मूठ इतकी हलकी, की कुणी ओढली तर रॅकेट हातातून निघून यावी.

घोळ असा होतो, की नुसत्या डोळ्यांना वाटतं खेळाडूनं मनगट खाली झटकलं. मग मुलं मूठ आवळतात आणि मनगटाला झटका देतात. थोडा वेग मिळतोही. पण तो सगळा भार कोपराच्या आतल्या बाजूला जातो. तिथे हाडाला हाड बांधून ठेवणारी एक पट्टी असते, लिगामेंट. ती ताणत जाते, आणि बराच काळ कुणाला पत्ता लागू देत नाही.

श्रुती नेमकं तेच करत होती. मी तिच्याजवळ गेले.

"हे मनगट झटकायला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही मॅडम. एक व्हिडिओ पाहिला. स्पीड तो आया ना?"

"हात दुखतो का?"

"नाही."

"खरं सांग."

"मले काही नाही झालं मॅडम. थोडा स्टिफ है बस."

हे बोलताना ती करंगळी चोळत होती. मी ते पाहिलं आणि सर्व्हिस बंद केली. त्या दिवसापुरती, असं तिला सांगितलं. रायपूरला राज्य संघाची निवड चाचणी तोंडावर आली होती. सतरा वर्षांची ही मुलगी आमच्या क्लबमधून तिथे जाणारी एकटीच. बाबा जवळच्या रसमड्याच्या एका कारखान्यात फिटर, ड्यूटी संपली की घरी न जाता थेट कोर्टावर यायचे. त्यांच्या तोंडावर 'मला भीती वाटते' एवढंच म्हणून चालणार नव्हतं.

रात्री मला तिची करंगळीच दिसत राहिली. कोपराच्या आतल्या बाजूनं जाणारी नस करंगळीपर्यंत पोचते. माझंही करंगळीपासूनच सुरू झालं होतं.

आता पाटीबद्दल सांगायला हवं. कारखान्यांच्या गेटवर एक पाटी असते, अपघाताविना गेलेले दिवस दाखवणारी. रोज आकडा एकानं वाढतो. कुणाला लागलं की पुन्हा शून्य. आकडा मोठा झाला की मिठाई वाटतात, फोटो काढतात. आमच्या क्लबचे सेक्रेटरी वैरागडे साहेब कुठल्याशा कारखान्यातून सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी कोर्टाच्या दारावर तशीच पाटी लावली. 'दुखापतीविना दिवस'. खाली खिळे, खिळ्यांवर आकड्यांचे पत्रे. साहेब रोज संध्याकाळी स्वतः पत्रा बदलत. मुलांना त्याचं भारी कौतुक. आमची बहुतेक मुलं कारखान्यात काम करणाऱ्यांच्या घरची, त्यांना पाटीचा अर्थ सांगावा लागत नव्हता. मलाही ती पाटी आवडायची. भित्र्या माणसाला असा आकडा बरा वाटतो.

दुसऱ्याच दिवशी पाटीवर शेकडा पूर्ण करणारा आकडा आला. साहेबांनी पेढे आणले. पालकही थांबले होते. मुलं रांगेनं आली. श्रुतीनं डावा हात पुढे केला.

"उजव्या हातानं घे ना बेटा," तिचे बाबा हटवार म्हणाले. "गणपतीसमोर ठेवून आणले साहेबांनी."

ती क्षणभर थांबली. मग उजवा हात पुढे केला, पेढा चिमटीत धरला आणि तोंडाकडे नेऊ लागली. हात अर्ध्यावर थांबला. तिचा चेहरा पांढरा पडला आणि पेढा मातीत पडला. पडलेला पेढा उचलायला ती वाकली तीसुद्धा डाव्या हातानं.

मी तिला बाकावर बसवलं, बाही वर केली. कोपराची आतली बाजू सुजून गरम झाली होती. मी नुसतं बोट टेकवलं तर तिनं ओठ चावला.

"बोटांना मुंग्या येतात?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

ती हळूच म्हणाली, "सर्दी मे से."

सर्दी म्हणजे हिवाळा. आता उन्हाळा होता, बाहेर लोक उसाचा रस पीत होते. एवढे दिवस ही मुलगी माझ्यासमोर खेळत होती, आणि माझं निम्मं लक्ष म्हणे कोपरांवर असतं.

"सांगितलं कावून नाही?" हटवारांचा आवाज चढला.

श्रुतीनं पाटीकडे पाहिलं. "माझ्यामुळे झीरो झाला असता ना बाबा."

वैरागडे साहेबांनी पेढ्यांचा डबा बंद केला. माणूस वाईट नाही, पण कारखान्यातली सवय जाता जात नाही. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, सूजच आहे. फर्स्ट एड केस. पाटीवर कावून घेता? पोरांचा जोश जाते."

"साहेब, त्या मुलीला पेढा तोंडापर्यंत नेता येत नाहीये."

"रिपोर्ट येऊ द्या. मंग पाहू."

माझा तोल सुटला. "रिपोर्टात पट्टी तुटलेली निघाली तर तुमची पाटी तिच्या गळ्यात बांधायची का?" असं मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. साहेब निघून गेले. जाताना त्यांनी सवयीनं पाटी सरळ केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला रायपूरला एमआरआयला नेलं. तिला आत घेतलं आणि दार लागलं. बाहेर मी आणि हटवार. त्या मशीनचा ठकठक आवाज भिंतीतून येत होता. मी एकदा त्याच मशीनमध्ये पडून राहिले होते आणि बाहेर आल्यावर डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता माझ्या भावाशी बोलायला सुरुवात केली होती. तेव्हाच मला कळलं होतं. आताही दार उघडून डॉक्टर कुणाकडे बघतात, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

हटवार बराच वेळ हातातली पाण्याची बाटली फिरवत बसले. मग त्यांनी शर्टाची बाही वर केली. कोपराखाली तळहाताएवढा जुना चट्टा होता, चकचकीत.

"हे पाहा मॅडम. गरम पाइपाले हात लागला होता. तवा आमच्या डिपार्टमेंटचा आकडा लय मोठा झाला होता. म्या फुल बाहीचा शर्ट घातला अन् शिफ्ट पूर्ण केली. साहेब लोकायले समजलं नाही. संगच्या पोरायनं मले खांद्यावर घेतलं होतं."

"आणि घरी?"

"घरी तर म्या हे हसत हसत सांगत राहो जी. जेवताना. पाहुणे आले का सांगो. पोरगी लहान होती, मांडीवर बसून ऐके. मले वाटे, पोरीले बापाचा गर्व वाटून राहिला." त्यांनी बाही खाली ओढली. "पोरगी तर शिकून राहिली होती."

श्रुतीच्या बॅगेत पांढरी लांब बाही होती, खेळाडू हातावर चढवतात तशी. ऊन लागू नये म्हणून घालते असं ती म्हणायची. मीच एकदा म्हणाले होते, छान दिसते.

"तिचा हात जाईल का मॅडम?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खोटं बोलण्याची हिंमत नव्हती. खरं म्हणजे मला वाटत होतं, गेला.

दार उघडलं. डॉक्टर श्रुतीला घेऊन बाहेर आले आणि थेट तिच्याशीच बोलू लागले. मी तिथेच भिंतीला टेकले.

पट्टी ताणली गेली होती, एका कडेनं थोडी फाटली होती, पण तुटली नव्हती. बाजूच्या नसेवर सूज दाबत होती, त्यानं मुंग्या. ऑपरेशन लागणार नव्हतं. मात्र आणखी थोडे दिवस असंच मारत राहिली असती तर पुढचं आपण सांगू शकलो नसतो, असं डॉक्टर म्हणाले. रॅकेटला हात लावायचा नाही. चाचणीचं तर नावच काढायचं नाही.

श्रुती गाडीत भिलाई येईपर्यंत रडली. चाचणी गेली म्हणून रडत होती, आणि हटवार समोर बघत बसले होते. मला तिच्यासाठी वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी एवढं हलकं वाटत होतं की माझी मलाच लाज वाटली.

त्या संध्याकाळी हटवार सरळ कोर्टावर आले. मुलं खेळत होती, वैरागडे साहेब पत्रा बदलायला आले होते. हटवारांनी त्यांच्या हातातला पत्रा घेतला. "साहेब, माफ करजा," म्हणाले आणि खिळ्यांवरचे आकडे एकेक करून काढले. डब्यातून शून्य शोधून लावलं. मग फुल बाहीची बटणं सोडून बाही वर केली आणि पोरांना तो चट्टा दाखवला.

"हे म्या लपवलं होतं," ते म्हणाले. "यात काही शान नाही. दुखते तर सांगा रे."

साहेब काही वेळ शून्याकडे बघत उभे होते. मला वाटलं, आता भांडण होणार. पण ते बाकावर जाऊन बसले.

मी मुलांना पुन्हा खेळायला पाठवलं. कुणी गेलं नाही. मग गौरव पुढे आला, आमचा सगळ्यात धिप्पाड मुलगा. "मॅडम, मेरा कंधा. रात को सो नहीं पाता." त्याच्यामागून एक मुलगी आली, तिचं मनगट. मग आणखी एक, गुडघा. मी बाकावर बसून एकेकाचे हात-पाय बघत होते. तो मोठा आकडा, ज्याच्याकडे बघून मला बरं वाटायचं, या सगळ्या दुखण्यांच्या वर लिहिलेला होता. साहेब माझ्याशेजारी बसून ऐकत होते. शेवटी त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नुसतं म्हणाले, "अरे देवा."

श्रुती बऱ्याच महिन्यांनी परतली. रॅकेट नंतर, आधी पायातला मोजा. लांब मोज्याच्या टोकाला चेंडू घालायचा, दुसरं टोक हलकं धरायचं आणि सर्व्हिससारखा फिरवायचा. मूठ आवळली की मोजा भलतीकडेच जातो. सैल सोडली की आपोआप पाठीमागे पडतो, वर येतो, हात वळतो. ती वैतागायची, मोज्यानं कोण टेनिस शिकतं म्हणायची. पहिल्यांदा रॅकेटनं हलकी सर्व्हिस मारली तेव्हा मी मुद्दाम पाठ फिरवून उभी राहिले. आवाज कोरडा आला. चेंडू फार वेगात गेला नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. पुढच्या वर्षीच्या चाचणीला ती गेली. निवड झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी झाली.

पाटी अजून दारावर आहे. साहेबांना ती काढवेना आणि मी आग्रह धरला नाही. फक्त नियम बदलला. ज्या दिवशी कुणाला काहीही दुखत असेल त्या दिवशी शून्य लावायचं. टेनिस खेळणाऱ्या वाढत्या वयाच्या मुलांमध्ये रोज कुणाचं ना कुणाचं काही दुखतंच, त्यामुळे बहुतेक शून्यच असतं. बाहेरून आलेले पालक विचारतात, तुमच्याकडे फार दुखापती होतात का?

मध्ये एकदा आकडा चारपर्यंत गेला होता. मी खेळ थांबवला, सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि प्रत्येकाला बाही वर करायला लावली.