दोन कोअर, चार कोअर आणि अप्पांचा पत्रा

नांदेडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन माल मी ठेवत नाही. ऑफिसांतून निघालेली जुनी मशीनं उघडायची, धूळ उडवायची, याचं त्याला जोडायचं आणि ज्याला नवं परवडत नाही त्याच्या घरी पाठवायचं, एवढाच धंदा. गिऱ्हाईक अर्धापूरचं असो की शहरातलं, प्रश्न ठरलेला असतो: दोन कोअरवाला प्रोसेसर घ्यावा की चार कोअरवाला? पोराला गेमही खेळायचा असतो आणि घरातलं साधं कामही असतं. दोन्ही प्रोसेसर आता म्हातारे झालेत, दोन्ही एकाच बोर्डावर बसतात आणि दोन्हींना भंगारवालासुद्धा नाक मुरडतो. तरी मी नीट उत्तर देतो, कारण या दोघांची तुलना मी स्वतःच्या घरात केली आहे आणि ती आम्हाला फार महागात पडली.

उत्तर देणारा दुकानात आणखी एक जण असतो. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. दुकान स्लॅबचं आहे म्हणून ते आत बसत नाहीत. दारात पायरीवर खुर्ची टाकून, अर्धं अंग उन्हात ठेवून बसतात.

अप्पांचं गाव औशाकडचं. भूकंपात त्यांचं दगडामातीचं घर बसलं आणि त्याखाली त्यांची आई आणि धाकटी बहीण गेली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. अप्पा पुढं रेणापूरला शाळेत शिपाई झाले, लग्न झालं, आम्ही दोघं झालो, ताई आणि मी. पण डोक्यावर पत्र्याशिवाय दुसरं काही त्यांनी कधी येऊ दिलं नाही. पत्रा पडला तर फार तर डोकं फुटतं, असं ते शांतपणे सांगायचे. ताई दहावीला तालुक्यात वर आली आणि तिला डॉक्टर करायचं म्हणून सगळं बिऱ्हाड लातूरला हललं, तेव्हाही त्यांची अट पत्र्याचीच. क्लासच्या भागात सगळीकडं मजल्यावर मजले चढत होते, आणि हा माणूस पत्र्याची खोली शोधत हिंडत होता. घरमालक हसायचे. शेवटी एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची खोली मिळाली. तीन बाजूंनी भिंती, चौथीला दार आणि वर काळा पडलेला पत्रा.

ताईला कॉम्प्युटर लागणारच होता. क्लासवाले उजळणीसाठी रेकॉर्ड केलेली लेक्चरं देत. अप्पांनी ते मशीन नांदेडहून आणलं. माझ्या मामाच्या गल्लीत एक कारागीर होते, आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर करू लागले. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी दोन कोअरवाला बसवून दिला आणि अप्पांना बजावलं, "पत्रे के नीचे येईच रखो. ये ठंडा रहता." तो पहिला उन्हाळा मशीन एकदाही बंद पडलं नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

पुढच्या वर्षी ताई बारावीला आणि मी नववीत. रविवारी ताई क्लासला टेस्ट द्यायला गेली की मशीन माझं. मी गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम खेळायचो, आणि वर्गातल्या एकानं सांगितलं होतं की त्याच्याकडं चार कोअरवाला आहे, त्याची गाडी पाण्यासारखी पळते. झालं. माझ्या डोक्यात चार बसला. चार हा दोनापेक्षा मोठा असतो, एवढं गणित मला येत होतं आणि त्याच्यावर माझा अढळ विश्वास होता.

संक्रांतीला मामाकडं गेलो तेव्हा मी चाचांकडं चारवाला मागितला. त्यांनी हातात दिला खरा, पण सोडेनात. "बेटा, ये बहोत गरम होता. इसकू बडा पंखा होना. पत्रे के नीचे नको लगा."

"आता आम्ही स्लॅबच्या खोलीत राहतो," मी म्हणालो.

मला हे वाक्य बोलताना अडखळायलासुद्धा झालं नाही. चाचा खूश झाले. अप्पांची भीती गेली म्हणून त्यांना खरंच आनंद झाला. "वापर के देख, नै जमा तो वापस ला," म्हणाले. मोठा पंखा त्यांच्याकडं नव्हता, तो मी शोधलाही नाही.

लातूरला आल्यावर रविवारी मी मशीनचं कॅबिनेट उघडलं, दोनवाला काढून माझ्या कंपासपेटीत ठेवला आणि त्याच्या जागी चारवाला बसवला. वर तोच जुना छोटा पंखा. मग गेम लावला. गाडी पाण्यासारखी पळाली नाही. आधीपेक्षा थोडी अडखळलीच. कारण त्या गेमला दोनच कोअर वापरता येत होते. उरलेले दोन नुसते बसून राहायचे, आणि चारवाल्याचा एकेक कोअर दोनवाल्यापेक्षा मंद होता. हे मला आज कळतं. तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर दोन्हींच्या वेळा लिहिल्या, दोनवाला जिंकलेला पाहिला आणि माझंच मोजण्यात चुकलं असं ठरवलं. बाकी कामात मात्र चारवाला खरंच चांगला होता. एकीकडं लेक्चर, एकीकडं नोट्स, मागं इंटरनेट, सगळं एकदम उघडलं तरी दमायचा नाही. ताई म्हणाली, "आज लई झटपट चालायलंय की रे." काय केलंय ते न सांगता मी छाती फुगवून बसलो.

मार्च लागला आणि पत्रा तापायला लागला. सकाळी ताईचा क्लास असायचा, संध्याकाळी वीज जायची, उरायची ती दुपार. दुपारी लेक्चर लावलं की वीसेक मिनिटांत स्क्रीन काळी व्हायची आणि पंखा गप्प. क्लासच्या त्या प्लेअरमध्ये लेक्चर पुढं ढकलायची सोय नव्हती, पोरांनी पळवत बघू नये म्हणून ती काढून टाकलेली. मशीन गार झालं की ताई पुन्हा पहिल्यापासून लावायची. पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा काळी. तिनं वैताग केला नाही, माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो. ते खोटं आहे.

अप्पांची रेणापूरची शाळा सकाळची असायची, दुपारी ते घरी. त्यांनी दोन दिवस पाहिलं, कॅबिनेटवर हात ठेवला, मग पत्र्याकडं पाहिलं. "पत्र्यानं व्हायलंय हे," म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारची शिडी मागून आणली, पत्र्यावर पोती अंथरली आणि त्यावर पाणी ओतायला लागले. लातुरात नळाला कितीतरी दिवसांनी पाणी यायचं. अप्पांनी स्वतःची अंघोळ बंद केली आणि ते पाणी वर नेलं. दर अर्ध्या तासाला शिडी चढायचे, बादली ओतायचे, उतरायचे आणि खालून विचारायचे, "चालू हाय का गं?" ताई आतून म्हणायची, "हाव अप्पा, चालू हाय." कधी चालू असायचं. बऱ्याचदा ते तिनं तसंच म्हटलेलं असायचं.

दोनवाला सगळा वेळ माझ्या कंपासपेटीत होता. बदलायला मला पाव तास पुरला असता. पण बदलला आणि मशीन सुरळीत चाललं तर विचारतील, आता कसं चाललं? मग सगळं सांगावं लागणार. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर दोन शिव्यांवर भागलं असतं. अप्पा शिडीवर चढल्यावर ते जमेना, आणि पुढं रोज त्यांची एकेक बादली त्यात वाढत गेली. मी चौदा वर्षांचा होतो हे कारण मी कुणाला देत नाही, मला स्वतःला ते पटत नाही.

मेडिकलच्या प्रवेशाची परीक्षा झाली. ताईचा नंबर थोडक्यात हुकला. घरी कुणी रडलं नाही. अप्पा बाहेरच्या दगडावर बसले होते, ताई त्यांना चहा द्यायला गेली तेव्हा म्हणाले, "माझ्या पत्र्यानं तुझं वर्ष घालवलं बघ, बाई." ताई म्हणाली, "न्हाई हो अप्पा, मीच कमी पडले." मी दारात उभा होतो आणि दोघंही माझी चूक एकमेकांकडून ओढून घेत होते. इतका हलकट मी मला पुन्हा कधी वाटलो नाही.

त्यानंतर अप्पांनी जे केलं ते मला अजून सहन होत नाही. त्यांनी ताईच्या दुसऱ्या प्रयत्नासाठी स्लॅबची खोली घेतली, तीन मजली इमारतीत, खालच्या मजल्यावर. सामान हलवताना मी कॅबिनेट उघडून गुपचूप दोनवाला परत लावला. मशीन दिवसभर चाललं. अप्पा उंबऱ्याबाहेर उभे राहून बघत होते. "बघ, स्लॅबखाली कसं चालतंय," ते आईला म्हणाले, आणि त्यांच्या मनात पत्र्यावरचा गुन्हा कायमचा शाबित झाला.

ते वर्ष अप्पा त्या खोलीत जेवायला तेवढे आत आले. एरवी बाहेरच्या उघड्या जिन्याच्या पायरीवर. वरच्या भाडेकरूनं खाट ओढली तरी दचकून उठायचे आणि "पोरांनो, बाहेर या," म्हणायचे. ताई पुस्तक उघडून बसायची, पण तिचं लक्ष दाराकडं, अप्पांकडं. त्या वेळी तिला आधीपेक्षाही कमी मार्क पडले. तिसरा प्रयत्न तिनंच नको म्हटला.

ताई आता चाकूरला एका क्लासवर तासावर जीवशास्त्र शिकवते. एकदा मी तिला न्यायला गेलो होतो, मागं उभा राहून ऐकलं. धड्याची सुरुवात ती त्या रेकॉर्ड केलेल्या लेक्चरमधल्या सरांच्याच शब्दांत करत होती, त्याच ठिकाणी थांबून, त्याच विनोदासकट. पोरं हसली. मी बाहेर जाऊन गाडीजवळ थांबलो.

चाचा गेले. चारवाला त्यांना परत करायचा राहूनच गेला, तो दुकानाच्या खणात आहे.

परवा अर्धापूरकडची एक बाई आली. केळीच्या बागेत कामाला जाते, मुलगी अकरावीला, मुलीला क्लासचे व्हिडिओ बघायला मशीन हवं. मी दोन्ही प्रोसेसर तिच्यासमोर ठेवून समजावलं. ती म्हणाली, "आमचं घर पत्र्याचं हाय, भाऊ."

"मग दोनवाला न्या, ताई. पत्र्याखाली चालतो."

पायरीवरून अप्पा बोलले, "काय चालतो? पत्र्याखाली काईच चालत न्हाई, बाई. माझ्या पोरीचं वर्ष गेलं. आमच्या घरी ह्योच व्हता की, दोनवाला." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "व्हता का न्हाई रे?"

बाई माझ्याकडं बघत होती. अप्पाही बघत होते. त्यांचे डोळे आता फार पाणावलेले असतात, उन्हानं म्हणतात. दोनवाला माझ्या बोटात होता.

"हाव अप्पा," मी म्हणालो. "दोनवालाच व्हता."

बाईनं पिशवी उचलली. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाली, आणि अप्पांच्या खुर्चीला वळसा घालून पायरी उतरून गेली.