वर्षाचं झाल्यावर लिहायचं नाव

पान कोरं होतं. जिथं वडिलांनी तिचं नाव लिहिलेलं असायला हवं, तिथं काहीच नव्हतं.

नात मला कादंबरी वाचून दाखवत होती. त्यातली मुलगी वडिलांना शोधत मागच्या काळात जाते, स्वतःच्या जन्माआधी. घर तेच, फडताळातलं पुस्तकही तेच. पण बाप अजून तरणा आहे, तिला ओळखत नाही. त्यानं त्या पुस्तकातल्या कोऱ्या पानावर तिचं नाव लिहिलं नाही, तर ती जन्मणारच नाही.

"आजी, घाबरलीस? घर म्हणजे आसरा आणि पुस्तक म्हणजे आठवण, असं आमच्या बाई सांगतात."

"सांगू देत," मी म्हटलं. मला दोन्हींची भीती वाटते.

आमच्याकडे पोथीच्या शेवटच्या पानावर वडील, म्हणजे आमचे दादा, मुलांची नावं लिहीत, पण मूल वर्षाचं झाल्यावरच. पानावर नाव आलं की ते मूल घरातलं, तोवर पाहुणं. माझ्या पाठची चिमी दहा महिन्यांची असताना तापानं फणफणली. मी रोज पोथी उघडून बघायचे.

"दादा, चिमीचं लिहा ना."

"लिहीन गं. जरा तगू दे."

मला वाटायचं, लिहिलं की ती तगेल. दौत समोरच होती. त्यांनी उघडली नाही.

"पुढे वाचू?" नातीनं विचारलं.

"आधी सांग, बाप नाव लिहितो का?"

"लिहितो."

"मग वाच."

आमच्या पोथीत तीन नावं आहेत, त्यात चिमीचं नाही. आईला पाच मुलं झाली. जगलो आम्ही तिघं.