वरच्या खाचराचे पाणी

ही हकिगत सांगायचे मी इतकी वर्षे टाळत आलो. कोणी विचारले की विषय बदलायचो. आता पेणजवळच्या आमच्या गडब गावातल्या घरी लाल तांदूळ घ्यायला लोक येतात आणि 'तुम्ही जुने बी जपलेत' म्हणतात. मागे गावाने शाल दिली, तीही मी खांद्यावर घेतली. ते बी मी जपलेले नाही. ज्याने जपले त्याचे एक वर्षाचे पीक मात्र मी घालवले.

तो माझा शेजारी. आम्ही बरोबरीचे, एकाच बांधाचे. माझे खाचर वर, त्याचे खाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत मी धाटावला कंपनीत होतो. शिफ्ट करून शेती करायची म्हणजे संकरित बियाणे आणि युरिया, दुसरे काय परवडणार. तो मात्र राताच लावायचा. राता म्हणजे खारजमिनीतले लाल दाण्याचे उंच भात. शेण, पालापाचोळा, राखुंडी, एवढेच त्याचे खत. पीक माझ्यापेक्षा कमी यायचे आणि त्याचे त्याला काहीच वाटत नसे. मला मुळात तेच सहन होत नव्हते.

त्याच्या खाचरात चिंबोऱ्या असायच्या, बारीक मासे असायचे. माझी पोरे माझ्या शेतातून चालत जाऊन त्याच्या शेतात मासे धरायची. पेणहून एक डॉक्टरीणबाई स्कूटरवर त्याच्याकडे तांदूळ घ्यायला यायच्या, स्वतःसाठी आणि दवाखान्यातल्या माणसांसाठी. एकदा माझ्या बांधावर थांबून त्यांनी मला विचारले, "तुमचाही बिनखताचाच का?"

"नाय बाई, आमचा कंपनीचा," मी म्हटले. त्या हसल्या. खालून तोही हसला आणि ओरडला, "अरे कंपनीवाल्या, शिफ्ट सुटली का?" तो मला रोजच अशी हाक मारायचा. त्या दिवशी ती मला झोंबली.

पण खरा काटा घरात होता. माझे वडील अंथरुणाला खिळले होते. माझ्या तांदळाची पेज त्यांच्यापुढे ठेवली की दोन घोट घेऊन वाटी सरकवायचे. बायकोला म्हणायचे, "गो, त्याच्या घरची पेज मिळते का बघ." ती पदराखाली वाटी घेऊन जायची आणि भरून आणायची. वडील ती तळापर्यंत प्यायचे. कंपनीत घाम गाळून मी घर चालवत होतो, आणि माझ्या बापाचे तोंड गोड होत होते शेजाऱ्याच्या पेजेने. ओटीवर बसून मी ते बघायचो आणि आतल्या आत जळायचो.

आमच्याकडे एक रीत आहे. भाताचे पाणी वरच्या खाचरातून बांधातल्या वाटेने खालच्या खाचरात उतरते. वरच्याने खत टाकले की त्याने आधी ती वाट चिखलाने आणि पेंढ्याने बुजवायची, आणि खत मुरेपर्यंत उघडायची नाही. खालच्याने हे कधी सांगायचे नसते. सांगावे लागले तर तो वरच्याचा अपमान. त्यानेही मला कधी सांगितले नव्हते.

त्या श्रावणात पहिल्या शिफ्टवरून आलो, गोणी फोडली, युरिया फेकला. वाट बुजवायला चिखल हातात घेतला आणि परत पाण्यात टाकला. विसरलो नाही. टाकला. पुढच्या मात्रेच्या वेळीही तेच केले.

मला वाटले होते की त्याचा 'बिनखताचा' डौल जरा मोडेल, आणि तेही मला एकट्यालाच ठाऊक असेल. तेवढ्यावर भागले नाही. त्याचा राता काळपट हिरवा झाला, माणसाच्या डोक्याला लागेल एवढा वाढला. हायवेवरच्या चहाच्या टपरीवर लोक हसू लागले.

"शेणाला काय रंग चढलाय रं यंदा!"

"शेणात गोणी पुरली असंल."

"पेणच्या बाईंना सांगा कोणीतरी. साध्या तांदळाला गेरू लावून देईल एक दिवस."

मग एकाने मला विचारले, "तुझं खाचर वर हाय. तुला दिसलं असंल की काय टाकतो तो."

"मी ड्युटीवर असतो," मी म्हणालो. "मला काय माहीत."

पाणी सोडले त्यापेक्षा हे वाक्य मला जास्त जड जाते. पाणी रागात सोडले होते. हे मात्र चहाचा घोट घेऊन, शांतपणे म्हटले.

नवरात्रात परतीचा पाऊस आला. लुसलुशीत, उंच वाढलेला राता सगळा आडवा झाला. माझे बुटके भात उभे होते. त्याच्या लोंब्या पाण्यात पडून तिथेच कोंबारल्या. मी बांधावरून बघत होतो. तो आडव्या भातातून वाट काढत वर आला आणि बांधातल्या त्या वाटेपाशी उभा राहिला. भाताचा सगळ्यात गडद रंग तिथून सुरू होत होता. त्याने पाण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "पाऊस वाईट लागला," एवढेच म्हणाला आणि खाली उतरला.

थोडेफार भात हाती लागले होते. डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्याने ते दिले नाही. "यंदाचा माझा नाय," त्याने सांगितले. त्याची बायको अंगणातूनच चिडून म्हणाली, "गप देऊन टाकायचा व्हता. कोण बघाया आला व्हता?"

"मी व्हतो ना, गो," तो म्हणाला.

बाई पुन्हा आल्या नाहीत. टपरीवरच्या लोकांना हवा तो पुरावा मिळाला.

त्याच्या खाचराच्या कडेच्या उंचवट्यावर माझे पाणी पोचले नव्हते. तेवढ्या भाताचे बी त्याने धरले. आणखी काही हंगाम रेटले, पण विचारायला कोणी येत नव्हते. मग गुडघे गेले. मुलगी रोह्याला होती, ती आईबापाला घेऊन गेली. जायच्या आदल्या दिवशी बियाणे घेऊन तो माझ्या ओटीवर आला. "तुझ्या बापाला पेज लागते. लावत जा. खत घालू नको, आडवा पडतो." माझ्याकडे न बघता म्हणाला. मी बी घेतले. वडिलांना शेवटपर्यंत माझ्या शेतातल्या रात्याची पेज मिळाली. ती पितानाही ते त्याचेच नाव घ्यायचे, आणि तेव्हाही मला वाईट वाटायचे. इतका मी कोता.

त्यानंतर एकदाच रोह्याला गेलो. स्टँडपासून त्याच्या मुलीच्या घरापर्यंत वाक्य घोकत होतो. तो खाटेवर होता, बोलताना धाप लागत होती. कंपनीची, पोरांची चौकशी त्यानेच केली. मुलगी चहा टाकायला आत गेली. आम्ही दोघेच उरलो. मी खाट धरून म्हटले, "ते खाचरातलं पाणी..."

"हां," तो म्हणाला, आणि थांबला. माझ्याकडे बघत राहिला. घाई करत नव्हता, अडवतही नव्हता.

वाट मी मुद्दाम उघडी ठेवली होती, मला माफ कर. एवढेच म्हणायचे होते. मी म्हटले, "यंदा बरं हाय पाणी."

त्याने मान हलवली आणि डोळे मिटले.