ओमला काढून बघ

माझी भाची निकिता लई शिकली, पन मार खायचं वय तिचं अजून सरलेलं न्हाई, असं मी तिला तोंडावर सांगते. पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात, चारचौघांत, मी तिच्या कानाखाली आवाज काढला. आधी सगळं ऐका, मग मला काय नावं ठेवायची ती ठेवा.

मी मुक्ताबाई. नवरा गेल्यापास्नं घोडेगावच्या अलीकडं भावाच्या वस्तीवर राहते. भाऊ गोरक्ष, त्याची ही एकुलती एक लेक, बापाला दादा म्हनती. आई लहानपनीच गेली, म्हनून पोरीला मीच वाढवलं. पहिल्यापास्नं एक खोड हाय तिला. चिंचा कोनी चोरल्या म्हनून मी कुनाला शिव्या घालाय लागले की ही मधी येनार, "तू पाह्यलंस का चोरताना?" मग चोराच्या वाटनीचा मार हिलाच बसायचा.

आता पुण्याला पीएचडी करती. बाया विचारत्यात, पोरगी काय करती? मी सांगते, मणी तपासती. हसू नका. तिनंच मला समजावून सांगितलंय. आपल्या अंगात प्रोटीन असतंय, ते म्हंजे एक लांबच लांब माळ. तिचे मणी म्हंजे अमिनो आम्लं. माळ सरळ राहत न्हाई, गुंडाळून तिचा गोळा होतो, आन् मग ह्या टोकाचा मणी पार त्या टोकाच्या मण्याला जाऊन भिडतो. कोन कोनाला लागून हाय, हे निकिता कॉम्प्युटरवर शोधती. लागून असंल तिथं एक ठिपका. पडदाभर नुसते रांगोळीचे ठिपके, कोनी रांगोळी काढायची इसरून गेल्यावानी.

गेल्या दिवाळीला आली ती तोंड पाडूनच. तिच्या सरांनी सगळं काम परत फेकलं हुतं. "जवळ दिसला की ठिपका देऊन मोकळी होतेस. जवळ आहे म्हणजे धरून आहे, असं नाही," असं म्हनले म्हनं. काही मणी एकमेकांना धरून असत्यात, काही उलटे ढकलत असत्यात, नुसते दाटीत अडकल्यात.

मी म्हनले, "बाजाराला टेम्पोत म्हशी कोंबत्यात, त्या बी एकमेकींच्या अंगाला लागूनच असत्यात. म्हनून काय जीव जडलेला असतो व्हय त्यांचा?"

ती पहिल्यांदाच हसली. "हेच, आत्या! अगदी हेच."

"मंग वळखायचं कसं?"

"एक मणी काढायचा, त्याच्या जागी साधा, बिनकामाचा मणी बसवायचा आणि बघायचं. गोळा तसाच राहिला तर तो मणी नुसता शेजारी होता. गोळा विस्कटला तर समजायचं, भार त्याच्यावर होता."

"बरं हाय," म्हनून मी शेन काढायला गेले. मला काय ठावं हे पुढं माझ्याच मानेवर येनार हाय.

कांदा ऐन पान्यावर आला आन् रामहरीनं आमची पाईपलाईन फोडली. रामहरी आमचा चुलत भाऊ, रान शेजारी. आमच्या विहिरीचं पानी त्याच्या रानातनं पाईपानं येतं, ते त्याच्या डोळ्यांत सलत हुतं. त्या सकाळी माती उकरायचा रोटाव्हेटर खाली सोडून त्यानं मुद्दाम पाईपावरनंच ट्रॅक्टर नेला. पान्याचा फवारा लिंबाच्या झाडायेवढा उडाला. गोरक्ष शिव्या देत धावला. त्याच्या मागं मी. निकिता सुट्टीला आलेली, वाफ्यात पानी वळवत दारं धरत हुती, ती फावडं टाकून पळत आली.

रामहरीनं ट्रॅक्टरवरनं टामी काढली. टामी म्हंजे चाक खोलायचा लोखंडी गज. एक शब्द न बोलता त्यानं ती माझ्या भावाच्या टाळक्यात घातली. नारळ फुटावा तसा आवाज आला. गोरक्ष गुडघ्यावर आला, डोळे रगतानं भरले. रामहरीची बायको सत्यशीला दगड घेऊन आली, तिच्या मी झिंज्या धरल्या आन् चिखलात लोळवली. तिनं माझ्या पोटात लाथ घातली, मी तिच्या मनगटाचा लचका तोडला. माझा दात तवापास्नं हलतोय, पन तिचं मनगट बी बघून या एकदा.

तशात मान वर केली तर काय दिसावं? रामहरीचा पोरगा ओम. पाठीमागनं गोरक्षला मिठी मारून बसलेला, आन् वरनं बापाची टामी दुसऱ्यांदा खाली येतीय. काड्कन हाड मोडलं. मी किंचाळले, "धरून मारत्यात रं! माझ्या भावाला धरून मारत्यात!" आन् हाताला आला तो दगड ओमच्या पाठीत घातला.

ह्या ओमला मी कडेवर खेळवलंय. मला आत्याच म्हनतो. पोलीस भरतीची तयारी करतोय, रोज पहाटं रस्त्यानं पळताना आमचं कुत्रं त्याच्यावर भुकायचं सुद्धा बंद झालंय. असलं पोरगं धरून मारू देतं? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

गोरक्षला नगरला दवाखान्यात नेलं, शुद्ध न्हवती. फिर्याद द्यायला मी ठाण्यात गेले, संगं निकिता आन् आमच्याकडचा पुढारी अजिनाथ. अजिनाथ माझ्या कानाशी लागला, "मुक्ताबाई, रामहरीचं नाव घालून काय व्हतंय? आज आत, उद्या जामिनावर भायेर. ओमचं नाव घाला. भरतीचं पोरगं हाय. एकदा गुन्ह्यात नाव चढलं की वर्दी गेली. बाप गुडघ्यावर येतो का न्हाई बघा."

आमच्याकडं ही रीतच हाय. भांडान कुनाचंबी असू द्या, ज्याची नोकरी तोंडाशी आलीय त्याचं नाव आधी. रामहरीच्या मान्सांनी तरी काय केलं? आमच्या आधीच येऊन निकिताचं नाव लिवलं. म्हनं, तिनंच फावड्यानं ओमचा हात मोडला! पोरीला पुढल्या शिक्षनाला परदेशात जायचं, पासपोर्टला अर्ज टाकलेला, हे त्यांना पक्कं ठावं. ते ऐकल्यावर तर मी जमादाराच्या टेबलावर हातच आपटला, "लिवा! ओमनं धरलं आन् बापानं मारलं!"

निकितानं माझा दंड धरून मला भायेर वढलं. "आत्या, त्यानं धरलं नव्हतं."

"ह्या डोळ्यांनी पाह्यलं मी!"

"तो दादांच्या अंगाला लागून होता, एवढंच पाहिलंस तू."

तवा मी दिली ठेवून. चष्मा फरशीवर पडला, एक काच निसटली. व्हटातनं रगत आलं. ती वाकली, काच उचलली, वढनीला पुसली. रडली न्हाई.

"अजून मार," म्हनली. "पण आधी ओमला तिथून काढून बघ."

"काय?"

"ओम तिथं नाहीच असं धर. बाकी सगळं तसंच. आता दुसरा घाव कुठं पडतो ते सांग."

मला तिचा असला राग आला, की तिला खोटं पाडायसाठीच मी डोळे मिटले. ओमला मनातल्या मनात बखोट्याला धरून उचलला आन् लांब बांधावर बसवला. टामी वर गेली. टामी खाली आली. खाली माझ्या भावाचं फुटलेलं, उघडं टाळकं. त्याच्या आन् टामीच्या मधी कोनीच न्हाई.

आगं बया! हाड मोडल्याचा आवाज माझ्या कानानं ऐकला हुता. ते हाड गोरक्षचं न्हवतं. त्याला जखम एकच, पहिल्या घावाची. दुसरा घाव ओमच्या हातावर पडला, आन् त्यो हात माझ्या भावाच्या डोक्यावर हुता. आन् मी त्याच पोराच्या पाठीत दगड घातला!

अजिनाथ आला, "चला मुक्ताबाई, लिवायचं न्हवं?" त्याला मी अशा शिव्या हासडल्या की तो मोटरसायकलीची चावी तिथंच इसरला. आत जाऊन सांगितलं, मारलं रामहरीनं, ओमनं घाव हातावर झेलला. ओमचं नाव आरोपीत गेलं न्हाई.

पन निकिताचं नाव तिकडच्या फिर्यादीत तसंच राहिलं. ते एकट्या ओमच्या हातात हुतं, आन् त्यासाठी त्याला सांगावं लागनार हुतं, की माझा हात माझ्या बापानंच मोडला. पोरगं गप. दिवस चालले, ते गपच. मी रोज बांधावर उभी राहून त्याचा उद्धार करायची, "मुडदा बशिवला तुझा, वाचवला तुला!" निकिता लॅपटॉप उघडून बसायची, पन ठिपक्यांकडं बघत नुसती नखं खायची. गोरक्ष टाके घेऊन घरी आला. पहिल्या घावापुढचं त्याला कायबी आठवत न्हवतं. "वैऱ्याचं पोर सोडवलंत आन् माझी पोरगी अडकवलीत," म्हनला. त्यानंतर लेकीशी बोलनंच टाकलं.

एका दिवशी दिवेलागनीला दारात ओम. व्हट फाटलेला, डोळा सुजून बंद, उजव्या हाताला प्लास्टर, खांद्याला पिशवी.

"आत्या, जबाब देऊन आलो. निकितानं मारलं न्हाई, माझ्या बापानं मारलं, असं लिवून दिलं." त्यानं पिशवी उंबऱ्यावर ठेवली. "बाप जामिनावर आलाय. त्यानं पट्ट्यानं हानलं आन् घराभायेर काढलं."

मी काही बोलायच्या आत गोठ्यातनं गोरक्ष आला, हातात काठी. ओमला बघितलं आन् तो सरळ अंगावरच धावला. निकिता "दादा!" म्हनून वरडली. ओम पळाला न्हाई. त्यानं नुसता त्यो प्लास्टरचा हात वर केला.

काठी वरच थांबली. गोरक्ष त्या हाताकडं बघत राहिला. प्लास्टरातनं चार बोटं भायेर आली हुती, काळीनिळी.

"डोळ्यांत रगत हुतं," गोरक्ष हळू म्हनला. "वरती एकदम अंधार झाला. मला वाटलं, मेलो मी." काठी त्याच्या हातातनं गळाली. "त्यो तुझा हात हुता व्हय रं?"

ओम लहान पोरावानी रडाय लागला. निकिता बी. मीच काय ती रडले न्हाई, चुलीपाशी धूर लई हुता येवढंच.

जेवायला बसलो. ओमला डाव्या हातानं भाकरी मोडंना. निकिता उठाय लागली, तर गोरक्षनं तिला हातानंच बस म्हनून खुनावलं. मग ओमचं ताट आपल्याकडं वढलं, भाकरी कालवनात बारीक कुस्करली आन् ताट परत त्याच्यापुढं सारलं.