बॉनेटवरचे अकरा दोरे

प्रिय चिन्मय आणि गार्गी,

चिन्मय, तुझ्या जुन्या दोन सीटांच्या गाडीचा फोटो मी भिंग लावून पाहिला. शर्यतीच्या गाड्यांना असतात तशा फटी तू बॉनेटला पाडल्या आहेस, पुढे मोठा रेडिएटर बसवला आहेस, आणि खाली लिहिले आहेस, "आजी, काल घाटात इंजिनाच्या उष्णतेचा काटा चढत चढत गेला आणि मग एकदम खाली आला. आता गाडी थंड राहते." गार्गीने त्यावर टाळ्यांचे हात पाठवले. मी मात्र ते वाक्य वाचताच तुझ्या आईला फोन करायला लावला, आणि पाणी बघितल्याशिवाय गाडी हलवू नकोस असा निरोप दिला. तुला तो म्हातारीचा घाबरटपणा वाटला असेल. तसा तो नाही, हे सांगण्यासाठी मला सुखदेव मिस्त्रीबद्दल लिहिले पाहिजे. तुमच्या आईलाही त्यातले अर्धेच ठाऊक आहे.

सुखदेव मिस्त्री पहिल्यांदा आमच्या सौंसरच्या घरी आला तेव्हा त्याने आधी नमस्कार केला नाही. बैठकीत रिकामी आरामखुर्ची होती. तिच्यावर त्याने उजवा तळवा ठेवला, डोळे अर्धवट मिटले आणि म्हणाला, "इथून आत्ताच कोणी उठून गेलं." सकाळपासून घरात मी एकटी होते. तुमचे आजोबा कोर्टात होते. तेवढ्यात खुर्चीखालून आमची मांजर आळस देत बाहेर आली. तो हसला नाही. तळवा पँटला पुसून मग म्हणाला, "जय भीम, बाई. वकीलसायबांनं गाडीसाठी बोलावलं होतं."

तो जवळच्या रामाकोन्याचा. मँगनीजच्या खाणीत पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळण्यात त्याची वीस वर्षे गेली होती. तिथे गरम लोखंडावर हात ठेवून ठेवून त्याच्या तळव्याची कातडी चामड्यासारखी झाली होती, तरी त्याच हाताला सगळे कळायचे. चहाची किटली, भिंत, सायकलची सीट, समोर येईल त्याला तो हात लावायचा. एकदा मी शिकवायचे त्या शाळेच्या शिपायाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू घरी जाय." शिपाई हसला. तिसऱ्या दिवशी त्याला टायफॉइड निघाला.

लोकांनी याचा उलटा अर्थ लावला. मिस्त्री ज्याला हात लावतो तो आजारी पडतो, असे बायका बोलू लागल्या. लहान बाळ असलेल्या घरावरून जाताना त्याचा उजवा हात नेहमी खिशात असे. हे मी एकदा पाहिले, आणि मग दर वेळी माझे लक्ष तिकडेच जाऊ लागले.

आता गाडीचे. खाणीच्या साहेबाचा बंगला रिकामा झाला तेव्हा आजोबांनी त्याची इंग्लंडची उघड्या टपाची गाडी विकत घेतली. आजोबांची नजर अधू, म्हणून चालवायला शिकले मी. सौंसरमध्ये गाडी चालवणारी बाई म्हणून लोक बघायचेच, वर ती गाडी अशी. थंडीत ती छान पळायची. मार्च लागला की नागपूरच्या रस्त्याला बोरगाव येईपर्यंत पाणी उकळायचे, आणि मी संत्र्याच्या बागेशेजारी वाफेत उभी.

गाडीच्या डिकीत साहेबाचे एक इंग्रजी पुस्तक सापडले. शर्यतीसाठी गाडी कशी तयार करावी, असे ते होते. मिस्त्रीला इंग्रजी येत नव्हते. शाळा सुटल्यावर मी त्याच्या टिनाच्या शेडमध्ये स्टुलावर बसून वाचायचे आणि मराठीत सांगायचे. तो गाडीखालून ऐकायचा. मध्येच पाय हलायचे थांबायचे, म्हणजे काहीतरी पटलेले नाही हे मला समजायचे.

"पुस्तकवाला थंड मुलखातला हाय," तो खालून म्हणायचा. "त्याची गाडी घंटाभर पळते अन् थांबते. आपली फाटकावर उभी राहते, बाई. तिथं कोणती हवा?"

हे खरे होते. छोट्या रेल्वेचे फाटक लागले की गाडी वीस मिनिटे उन्हात उभी. शर्यतीच्या पुस्तकात फाटक नव्हते. म्हणून त्याने पुस्तकातले निम्मे घेतले आणि निम्मे स्वतःचे घातले. रेडिएटरच्या बाजूच्या फटी पत्र्याने बुजवल्या, म्हणजे वाऱ्याला जाळीतूनच जावे लागेल. इंजिनावर फिरणारा पंखा काढून नागपूरच्या भंगारातून आणलेला विजेचा पंखा लावला. त्याला खाणीतल्या यंत्राचा एक स्विच जोडला. आत ठरावीक उष्णता झाली की पंखा आपोआप सुरू व्हायचा, गाडी बंद असली तरी. पहिल्यांदा तो असा सुरू झाला तेव्हा गाडी अंगणात उभी होती, आत कोणी नव्हते, आणि मी तुळशीला पाणी घालत होते. माझ्या हातातला तांब्या पडला. मिस्त्री म्हणाला, इंजिन बंद झाल्यावर आतली गरमी काही वेळ वाढतच असते, बाहेरून दिसत नाही एवढेच.

त्याचे एक वाक्य मी वर्गात मुलांनाही सांगायचे. "हवा आत कोणीबी घेते, बाई. बाहेर काढता आली पायजे."

ती बाहेर कुठून काढायची हे शोधण्यासाठी त्याने माझ्याकडे लोकर मागितली. पुस्तकात तसे एक चित्र होते. मी तुमच्या आईसाठी लाल स्वेटर विणत होते, त्यातली लोकर दिली. वीतभर लांबीचे अकरा दोरे त्याने बॉनेटवर एकेका टोकाने चिकटवले. मी गाडी चालवायची आणि त्याने शेजारी बसून दोऱ्यांकडे बघायचे. भर दुपारचा रस्ता, दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, एक माणूस नाही, आणि आमच्यासमोर ते लाल दोरे जिवंत असल्यासारखे वळवळत. काही मागे पडायचे. काही उभे राहायचे. काचेजवळचे दोन मात्र उलटे फिरून बॉनेटच्या मागच्या कडेच्या फटीत शिरू बघायचे, कोणी आतून ओढावे तसे. "तिथून हवा आत जाऊन राहिली," तो हळूच म्हणायचा. जिथे दोरे उभे राहिले, म्हणजे हवा वर ओढली जात होती, तिथेच त्याने पत्र्याला तिरप्या फटी पाडल्या.

फाटकावर एका बाईने हात जोडून विचारले, हे कोणत्या देवीचे दोरे? मिस्त्रीने शांतपणे सांगितले, "वाऱ्याचे." तिने पदर सावरला आणि चार पावले मागे सरकली. आजोबा घरी म्हणाले, "मिस्त्री, गाडीला नवस बोललास की काय?" तो म्हणाला, "फेडायची पाळी तुमच्यावर येईन, सायेब."

त्याच वर्षी एप्रिलमध्ये काट्याची गोष्ट घडली. आम्ही पांढुर्ण्याहून परत येत होतो. काटा चढत होता. मी घाबरले, आणि अचानक तो खाली आला, अगदी थंडीतल्यासारखा. मी खूश होऊन म्हणाले, "बघ, थंड झाली." मिस्त्रीने एका झटक्यात हात लांबवून चावी फिरवली. गाडी घरंगळत थांबली. खाली पाण्याची नळी फुटली होती, एक थेंब शिल्लक नव्हता.

"काटा पाण्यात बुडून असते तवर खरं बोलते," तो म्हणाला. "पानी गेलं का तो कोरडा लोंबते, अन् थंड थंड म्हणते. काटा चढला तं भिऊ नका, बाई. चढते म्हणजे अजून पानी हाय. एकदम उतरला तं भ्या."

मी ते वहीत लिहून घेतले. मला सगळे लिहून ठेवायची सवय आहे. कळणे मात्र वेगळे असते.

पुढच्याच महिन्यात, मेमध्ये, तुमची आई भोपाळच्या कॉलेजातून सुट्टीला यायची होती. तिची रेल्वे पांढुर्ण्याच्या स्टेशनवर सकाळी लागायची. मला तिला या गाडीतून आणायचे होते. उघड्या टपातून, शेजारी बसवून, सगळ्या सौंसरसमोर. तो माझा हट्ट होता. मिस्त्रीने नवी नळी आणि शेवटच्या फटी बसवायला आणखी चार दिवस मागितले होते. मी म्हणाले, उद्या पद्मा येणार, आज काहीही करून संपव. तो म्हणाला, "होते, बाई." सकाळी सहापासून तो त्या टिनाखाली होता. बारा वाजता आम्ही पांढुर्ण्यापर्यंत जाऊन यायला निघालो, कारण त्याच्या मते परीक्षा भर उन्हातच घ्यायची.

गाडी इतकी सुंदर कधी चालली नव्हती. काटा मध्यावर, हलला म्हणून नाही. फाटकावर पंखा लागला, दोरे उभे राहिले, पंखा बंद झाला, दोरे पडले. परत येताना मिस्त्री गप्प होता. एरवी बॉनेटकडे पाहणारा माणूस रस्त्याकडे बघत होता, आणि रस्त्यावर पाण्यासारखे चमकत होते ते पाणी नव्हते. एकदा त्याने विचारले, "समोर कोण चालून राहिलं?" समोर कोणीच नव्हते.

अंगणात आलो. मी गाडी बंद केली. तो उतरला, दारचौकटीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आता बरं वाटून राहिलं. थंड वाटते. थोडी थंडीच वाजून राहिली."

मला आनंद झाला. दिवसभर तापलेला माणूस, जरा गार झाला, असे मला वाटले. ओसरीवर नेवारीच्या पट्ट्यांची खाट होती, तिच्यावर मी त्याला पडायला सांगितले. आणि मी आत जाऊन चादर आणली आणि त्याच्या अंगावर घातली. हे मी तुमच्या आईला कधी सांगितलेले नाही.

मग मी सरबत करायला वळले. अंगणात वाऱ्याचा लवलेश नव्हता, कडुनिंबाचे पान हलत नव्हते. तेवढ्यात मागे गाडीचा पंखा सुरू झाला. मी वळून पाहिले. रिकामी गाडी, आणि बॉनेटवरचे अकराही दोरे एकाच वेळी उभे. पडत नव्हते. मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि त्याचेच शब्द आठवले, आतली गरमी बाहेरून दिसत नाही. मग काट्याचे आठवले.

मी धावत जाऊन त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडे होते, घामाचा एक थेंब नाही, आणि तव्यासारखे तापलेले. डोळे उघडे होते, पण तो मला बघत नव्हता. मी चादर फेकली, माठच्या माठ त्याच्या अंगावर ओतला, शेजाऱ्यांना हाका मारल्या. त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी करता येईल ते सगळे केले. सूर्य मावळायच्या आत तो गेला.

त्याची बायको कौसल्या रामाकोन्याहून आली. दवाखान्याच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो. मी ठरवले की हिच्यापासून लपवायचे नाही. मी सांगितले, तो थंडी वाजते म्हणाला आणि मी चादर घातली.

तिने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "मले बी सकाळी म्हणाले होते, थंडी वाजते म्हून. मीनं आंघोळीले पानी गरम करून देल्लं."

तिने माझा हात धरला. तुमची आई दुसऱ्या दिवशी बसने आली.

आता एक शेवटची गोष्ट, जिचा उलगडा माझ्याकडे नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ओसरीवर गेले. मे महिन्यात वस्तू थंड असतात तो एवढाच एक तास. मी ओसरीच्या फरशीला हात लावला, थंड. गाडीच्या पत्र्याला लावला, थंड. खाटेची नेवार थंड होती. फक्त मधली एक जागा, माणूस बसतो तेवढी, ऊबदार होती. तिथून आत्ताच कोणी उठून गेले होते. मी खाटेखाली वाकून पाहिले. मांजर नव्हती. ती आधीच्या पावसाळ्यातच गेली होती. आजोबा म्हणाले, रात्री कोणी पाहुणा टेकला असेल. असेलही. रामाकोन्याहून आलेल्या माणसांनी घर भरले होते. मी विचारले तेव्हा कोणी हो म्हणाले नाही.

तेव्हापासून उन्हाळ्यात कोणी "थंड वाटते" म्हणाले की मी आधी कपाळाला हात लावते. आपल्या घरात, शाळेत, बसमध्ये अनोळखी माणसालासुद्धा. एकदा बसमधला एक मजूर त्यामुळे वाचला. बाकी वेळा लोक रागावले. चालते.

चिन्मय, तुझ्या गाडीत बहुधा काही बिघडलेले नसेल. तरी झाकण इंजिन गार झाल्यावर उघड, आणि पाणी स्वतःच्या डोळ्यांनी बघ. काट्याला विचारू नकोस.

गाडी पुढल्या वर्षी विकली. घेणाऱ्याला फटी नसलेले बॉनेट हवे होते, ते त्याने दुसरे करून घेतले. हे आपल्याकडेच राहिले. मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले आहे. रंग उडाला आहे, लोकर विटून गुलाबी झाली आहे. दोरे अकराच्या अकरा आहेत.

तुमची,
आजी